देवमासे परतले, घराणी परतली नाहीत

ब्राझीलच्या किनाऱ्यावर विणीसाठी येणारे हम्पबॅक देवमासे १९५० च्या दशकात साडेचारशेच्या आसपास उरले होते. २०१९ साली अलेक्सांद्रे झर्बिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला, तेव्हा ते २५ हजारांच्या घरात पोचलेले दिसले. शिकार सुरू होण्यापूर्वी जितके होते, त्याच्या सुमारे ९३ टक्के. अशी बातमी आली की निसर्गाची चाड असलेला माणूस सुटकेचा निःश्वास सोडतो, आणि त्याने तो सोडावाच; या क्षेत्रात आनंदाचे प्रसंग तसे विरळाच. पण या बातमीच्या पाठोपाठ एक निष्कर्ष न बोलावता घरात शिरतो. शिकारीचा घाव भरला, निसर्ग सोशिक आहे, थोडा वेळ दिला की सगळं पूर्ववत होतं, असा तो निष्कर्ष. जनुकशास्त्राचे अभ्यासही वरवर वाचले तर याला दुजोराच देतात. इतक्या कत्तलीनंतरही बऱ्याच मोठ्या देवमाशांच्या जातींत जनुकीय वैविध्य बऱ्यापैकी शाबूत आढळतं.

हा दुजोरा खोटा आहे असं मला म्हणायचं नाही. तो अपुरा आहे. वैविध्य वाचलं, ते देवमासे फार वर्षं जगतात म्हणून आणि पिढ्या उलटण्याआधी तोफा थांबल्या म्हणून. जे गेलं, ते सरासरीच्या आकड्यात दिसत नाही. ज्या कळपांच्या बाबतीत हा योग जुळून आला नाही, त्यांना बाकीच्यांच्या प्रगतिपुस्तकावर पास करून टाकणं धोक्याचं आहे. त्यातला एक कळप आपल्याच समुद्रात आहे.

आधी शिकारीचं आकारमान ध्यानात घ्यायला हवं. देवमासे हजारो वर्षं मारले जात आहेत, पण होडीतून हाताने भाला फेकून मारण्याला मर्यादा होत्या. निळा देवमासा आणि फिन देवमासा इतके वेगवान, की वल्ह्यांच्या होडीला ते सापडत नसत. आणि मेले की बुडत. १८६० च्या दशकाअखेरीस स्वेन फोयन या नॉर्वेजियन माणसाने वाफेच्या बोटीवर बसवलेली, स्फोटक टोकाचा भाला डागणारी तोफ कामाला लावली आणि ही मर्यादा संपली. १९०४ साली कार्ल अँटोन लार्सनने दक्षिण जॉर्जिया बेटावर ग्रीटविकेन हे ठाणं उभारलं. १९२५ पासून मागच्या बाजूने घसरण असलेले कारखाना-जहाज आले. आख्खा देवमासा समुद्रातच वर ओढून सोलायची सोय झाली, आणि किनाऱ्याची गरजच उरली नाही. १९३०-३१ च्या एका हंगामात २९ हजारांहून अधिक निळे देवमासे मारले गेले. विसाव्या शतकाचा जगभरचा एकूण हिशेब सुमारे २९ लाख देवमाशांचा आहे. त्यांपैकी वीस लाखांहून अधिक एकट्या दक्षिण गोलार्धातले. अंटार्क्टिकातले निळे देवमासे अंदाजे २ लाख ३९ हजार होते, ते १९७३ च्या सुमाराला ३६० वर आले. हजारी दीडच उरला.

एवढी पडझड झालेल्या प्राण्याची जनुकीय पुंजी धुऊन निघायला हवी होती. तशी उदाहरणं आहेतही. कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोच्या किनाऱ्यावरचा उत्तरेकडचा हत्ती-सील तेलापायी एकोणिसाव्या शतकात जवळजवळ संपला होता. १८९२ साली ग्वादालूपे बेटावर गेलेल्या एका मोहिमेला मोजके सील दिसले, आणि त्यांतले सात त्यांनी संग्रहालयासाठी मारले. (जात संपत आलीय म्हणून तिचे शेवटचे नमुने गोळा करायचे, ही त्या काळची शास्त्रीय तत्परता!) आज हे सील दीड लाखाच्या वर आहेत. पण १९७४ मध्ये त्यांच्या रक्तातली प्रथिनं तपासली, तेव्हा प्राण्या-प्राण्यांत फरकच सापडेना. सगळे जवळपास एकाच साच्यातले.

देवमाशांचं असं झालं नाही. अंटार्क्टिकातल्या १८३ निळ्या देवमाशांच्या कातडीच्या नमुन्यांवरून २०१२ साली अँजेला स्रेम्बा आणि सहकाऱ्यांनी आईकडून येणाऱ्या डीएनएचे ५२ वेगवेगळे प्रकार नोंदवले. ३६० वर आलेल्या प्राण्यांच्या वंशजांत ५२ प्रकार! हे कसं जमलं, ते समजण्यासाठी थोडं गणित करावं लागेल. ते अवघड नाही आणि या लेखाचा सगळा भार त्याच्यावरच आहे.

लोकसंख्या लहान झाली की दर पिढीला वैविध्याचा थोडा अंश केवळ योगायोगाने गळतो, कारण सगळ्यांची सगळी जनुकं पुढच्या पिढीत उतरत नाहीत. गळतीचं प्रमाण असं: एक भागिले, प्रत्यक्ष प्रजननात भाग घेणाऱ्यांच्या परिणामी संख्येची दुप्पट. ही संख्या ५० असेल, तर दर पिढीला एक टक्का. ३०० असेल, तर साधारण ०.१७ टक्के. या गणितात वर्षांना काही किंमत नाही, किंमत पिढ्यांना आहे. उंदराच्या दहा पिढ्या तीन-चार वर्षांत उलटतात. हम्पबॅकची एक पिढी सुमारे २१ वर्षांची, फिन देवमाशाची २६ च्या आसपास, निळ्याची ३१, आणि आर्क्टिकमधल्या बोहेडची पन्नासच्या वर. म्हणजे ग्रीटविकेनची स्थापना झाल्यापासून १९६६ मध्ये निळ्या देवमाशाला संरक्षण मिळेपर्यंतचा काळ त्या जातीच्या दृष्टीने जेमतेम दोन पिढ्यांचा.

बोहेडचं उदाहरण तर थक्क करणारं. डोळ्याच्या भिंगातल्या प्रथिनांवरून वय काढण्याची एक रीत आहे. तिच्यानुसार एक बोहेड दोनशे वर्षांच्या पलीकडे जगलेला निघाला. २००७ मध्ये अलास्काच्या इनुपियात लोकांनी पारंपरिक शिकारीत मारलेल्या एका बोहेडच्या खांद्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बनलेल्या स्फोटक भाल्याचा तुकडा रुतलेला सापडला. जिला तोफांनी मारायला काढलं होतं, ती पिढी अंशतः अजून पोहते आहे. तिच्या शरीरात शिकारीपूर्वीचं वैविध्य जिवंत आहे. ते कुठून परत आलेलं नाही, ते गेलंच नव्हतं. पुढच्या पिढीत ते किती उतरेल, हा प्रश्न त्यामुळे अजून पुरता सुटलेला नाही.

२०२३ मध्ये फिन देवमाशांच्या संपूर्ण जनुकसंचांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, तो या मुद्द्याचं जणू प्रात्यक्षिकच आहे. ईशान्य पॅसिफिकमधल्या फिन देवमाशांची परिणामी संख्या विसाव्या शतकातल्या शिकारीत सुमारे २४ हजारांवरून तीनशेच्या आसपास घसरली, असं जनुकसंचातल्या खुणा सांगतात. ९९ टक्क्यांची घसरण, पण ती केवळ एक-दोन पिढ्यांपूर्वीची. वैविध्य मोठ्या प्रमाणात टिकलं. त्याच अभ्यासात कॅलिफोर्नियाच्या आखातातला एक लहान, वेगळा पडलेला कळप होता. त्याच्यावर तोफांचा मारा नव्हता, पण सुमारे १६ हजार वर्षं तो शे-सव्वाशेच्या परिणामी संख्येवर दिवस काढतो आहे. त्याच्यात वैविध्य कमी आणि घातक जनुकबदल अधिक. म्हणजे अचानक कोसळून लगेच सावरणाऱ्यापेक्षा दीर्घकाळ लहान राहणाऱ्याला जनुकांचा फटका जास्त बसतो.

यावरून कोणी म्हणेल, मग शिकारीने फारसं बिघडलं नाही. इथेच सरासरी फसवते. वर गळतीचं जे गणित मांडलं, ते एका व्यक्तीच्या दोन जनुकप्रतींत सरासरी किती फरक असतो, त्याचं आहे. हा फरक मुख्यतः सर्रास आढळणाऱ्या जनुकप्रकारांतून येतो. दुर्मीळ प्रकारांचं त्यात जवळपास काही वजन नसतं, आणि शिकारीत आधी जातात ते दुर्मीळच. समजा, आईकडून येणारा एखादा वंश पाचशे माद्यांमागे एकीत आहे. कत्तलीतून शंभर माद्या वाचल्या, तर त्यांत हा वंश एकीतही नसण्याची शक्यता सुमारे ८२ टक्के. सरासरीचा काटा हलतही नाही आणि वंश मात्र बुडतो. पटकीच्या साथीतून वाचलेल्या गावाची पुढे लोकसंख्या दुप्पट-तिप्पट होते, घरं गजबजतात, शाळेचे वर्ग भरतात. पण साथीपूर्वीच्या ज्या आडनावांचा एकेकच उंबरा होता, ती हजेरीपटावर पुन्हा दिसत नाहीत.

ही आडनावं खरोखर गेली का, हे तपासायला जुना हजेरीपट लागतो, आणि तो शिकाऱ्यांच्याच उधळपट्टीने मागे ठेवला आहे. दक्षिण जॉर्जियाच्या ठाण्यांवर सुरुवातीच्या वर्षांत देवमाशाची फक्त चरबी काढून घेत. उरलेलं धूड, मांस-हाडांसकट, बंदरात सोडून देत. ते वाऱ्याने किनाऱ्याला लागे, सडे. पुढे कायद्याने संपूर्ण प्राणी वापरण्याची सक्ती झाली, हाडं शिजवून त्यांतलंही तेल निघू लागलं. म्हणून किनाऱ्यावर आज जी हाडं विखुरलेली आहेत, ती प्रामुख्याने पहिल्याच टप्प्यातली, शिकारीपूर्वीच्या लोकसंख्येची. थंड हवेने त्यांतला डीएनए टिकवला. हाडाला बारीक भोक पाडायचं, भुकटी गोळा करायची, तिच्यातून आईकडचा डीएनए वाचायचा आणि आजच्या जिवंत देवमाशांच्या नमुन्यांशी ताडून पाहायचा, असं ते काम. स्रेम्बा यांच्याच गटाने २०२३ मध्ये निळा, हम्पबॅक आणि फिन या तिघांची अशी तुलना मांडली. जुन्या हाडांत सापडलेले कितीतरी मातृवंश आजच्या नमुन्यांत नाहीत. तिन्ही जातींत वंश बुडाल्याची शक्यता दिसते, आणि निळा व हम्पबॅक यांच्या बाबतीत नमुन्यांच्या संख्येतला फरक वजा केल्यावरही ती टिकते. म्हणजे ते ५२ प्रकार हे उरलेल्यांचं वैभव आहे. मूळचं त्याहून मोठं होतं.

पण आईकडून येणारा एवढा मायटोकॉन्ड्रियाचा बारीकसा डीएनए बुडाल्याने बिघडतं काय, असा व्यवहारी प्रश्न विचारता येईल. खुद्द त्या डीएनएच्या तुकड्याने कदाचित फार काही बिघडत नसेल. पण तो ज्या माद्यांतून येतो, त्या आणखी एक गोष्ट पिल्लाला देतात. हम्पबॅकचं किंवा राइट देवमाशाचं पिल्लू पहिल्या वर्षी आईबरोबर प्रवास करतं आणि चरण्याच्या जागा तिच्याकडून शिकतं. पुढे आयुष्यभर ते बहुधा त्याच जागांकडे वळतं. त्यामुळे विशिष्ट मातृवंश आणि विशिष्ट समुद्र यांची सांगड पडलेली असते. वंश बुडाला की त्या समुद्राची वाट माहीत असणारं कुणी उरत नाही. स्पेनच्या बाजूने जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत १९२० च्या दशकात फिन देवमाशांची शिकार झाली. काही वर्षांत तिथले देवमासे संपले आणि पुढे अटलांटिकमध्ये इतरत्र फिन देवमासे असूनही त्या जागी पूर्वीसारखे परतले नाहीत. दक्षिण जॉर्जियाभोवती तर निळे देवमासे बंदीनंतर अर्धशतकभर जवळजवळ दिसलेच नव्हते. २०२० च्या पाहणीत ५५ दिसले, तेव्हा त्याची जगभर बातमी झाली. खाद्य तिथे होतंच. वाट दाखवणाऱ्या आज्या नव्हत्या. माझ्या मते शिकारीचं सगळ्यात खोल नुकसान हेच आहे, आणि ते जनुकीय वैविध्याच्या कुठल्याही एका निर्देशांकात पूर्ण मावत नाही.

जनुकांवरून भूतकाळ वाचण्याचा मोह मात्र मोठा आहे, आणि तो कुठे नेतो, याचा एक गाजलेला वाद इथे सांगायला हवा. २००३ साली जो रोमन आणि स्टीफन पलुम्बी यांनी 'सायन्स' नियतकालिकात एक उलटा हिशेब मांडला. आजच्या वैविध्यावरून त्यांनी शिकारीपूर्वीची संख्या काढली, कारण जास्त वैविध्य साठायला जास्त मोठी लोकसंख्या लागते. उत्तर अटलांटिकमध्ये पूर्वी २ लाख ४० हजार हम्पबॅक असावेत, असं त्यांचं उत्तर आलं. शिकारीच्या नोंदींवरून धरलेला तोवरचा आकडा वीस हजारांच्या आसपास होता. बारा पट फरक! हा वाद ग्रंथालयापुरता नव्हता. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने शिकारीचा कोटा ठरवण्यासाठी जी कार्यपद्धती तयार करून ठेवली आहे, तिच्यात मूळ संख्येच्या ५४ टक्क्यांखाली असलेल्या साठ्यातून एकही देवमासा मारायचा नाही असा दंडक आहे. मूळ आकडा वीस हजार धरला, तर उद्या शिकारीला दार उघडू शकतं. अडीच लाख धरला, तर ते कित्येक पिढ्या बंद राहतं.

दोन्ही बाजूंनी तावातावाने लिहिलं गेलं. जनुकवाल्यांवरचा आक्षेप रास्त होता: जनुकं इसवी सन १८०० ची गोष्ट सांगत नाहीत, ती हजारो वर्षांची सरासरी सांगतात, आणि तीही शेजारच्या समुद्रांतून ये-जा करणाऱ्या सगळ्यांची मिळून. पुढे जनुकबदलाचा वेग अधिक काटेकोरपणे धरून केलेल्या २०१३ च्या हिशेबात आकडा १ लाख १२ हजारांपर्यंत उतरला. उतरला, तरी नोंदींच्या कितीतरी वर राहिला. मला यात नोंदींचा कैवार घेणाऱ्यांचं विशेष नवल वाटतं. जुन्या वह्यांत तेलाची पिंपं मोजलेली असत. भाला लागून निसटलेला, खोल पाण्यात मेलेला देवमासा कुणी लिहून ठेवत नसे. आणि अलीकडच्या वह्या तर चक्क खोट्या होत्या. सोव्हिएत ताफ्यांनी दक्षिण गोलार्धात २,७१० हम्पबॅक मारल्याचं आयोगाला कळवलं. खरा आकडा ४८ हजारांच्या वर होता. अलेक्सेई याब्लोकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने १९९३ मध्ये हे जाहीर केलं, ते त्याच्या काही सहकाऱ्यांनी खऱ्या नोंदी वर्षानुवर्षं दडवून जपल्या होत्या म्हणून. जनुकं संदिग्ध बोलतात हे खरं, पण वरिष्ठांच्या हुकमावरून आकडे तरी बदलत नाहीत.

दुसऱ्या टोकाची चूकही टाळायला हवी. जिथे वैविध्य कमी, तिथे शिकारीचाच हात, असं धरून चालता येत नाही. उत्तर अटलांटिकमधले राइट देवमासे आज पावणेचारशेच्या आसपास आहेत, आणि त्यांच्यात मातृवंश फक्त पाच. याचा दोष कित्येक वर्षं सोळाव्या शतकातल्या बास्क शिकाऱ्यांवर जात असे, कारण कॅनडातल्या लॅब्रडॉरच्या रेड बे या ठिकाणी त्यांच्या शिकारीची हाडं सापडली होती आणि त्यांतली निम्मी राइट देवमाशांची असावीत असा समज होता. २००४ मध्ये तिथल्या २१ हाडांचा डीएनए वाचला गेला. वीस हाडं बोहेडची निघाली, एक राइट देवमाशाचं. आणि त्या एका हाडाच्या पुढच्या तपासणीतूनही असंच सूचित झालं, की ही जात बास्क येण्यापूर्वीच जनुकदृष्ट्या फाटकी होती. शिकारीने तिचे प्राण कंठाशी आणले हे खरं. पण तिची जनुकीय गरिबी जुनी होती.

मग तिची आजची दुरवस्था जनुकांमुळे का? थोड्या अंशाने असेलही. तिच्या पिल्लांत अपेक्षेपेक्षा जास्त भिन्नता आढळते. म्हणजे आई-बाप जनुकदृष्ट्या फार सारखे असतील, तर गर्भ टिकत नसावेत असा तर्क आहे. पण या जातीतल्या ऐंशी टक्क्यांहून अधिक प्राण्यांच्या अंगावर मासेमारीच्या दोरांत अडकल्याचे वण आहेत, आणि मृत्यूंची मुख्य कारणं दोर आणि जहाजांच्या धडका ही आहेत. तिथे जनुकांकडे बोट दाखवणं मला पळवाट वाटते. मेक्सिकोतल्या वाकीटा या इवल्या सागरी सस्तन प्राण्याचंही तसंच. जेमतेम दहा उरलेत, आता अंतःप्रजननाने संपणारच, असं म्हणून हात झटकणाऱ्यांना २०२२ च्या जनुकसंच-अभ्यासाने उत्तर दिलं: हा प्राणी हजारो वर्षं लहान संख्येतच राहिला आहे, सगळ्यात घातक बदल त्याच्यातून आधीच बरेचसे गाळले गेले आहेत, आणि गिलनेट ही मासेमारीची जाळी खरोखर बंद झाली तर तो सावरू शकतो. जनुकशास्त्र वापरायचं तर निदानासाठी वापरावं, मृत्युलेख आधीच लिहून ठेवण्यासाठी नको.

आता आपल्या समुद्राकडे. जगभरचे हम्पबॅक उन्हाळ्यात ध्रुवांकडे चरायला जातात आणि हिवाळ्यात विणीसाठी उष्ण पाण्यात येतात. अरबी समुद्रातले हम्पबॅक असं काही करत नाहीत. नैऋत्य मोसमी वारे ओमानच्या किनाऱ्यावर खोल, थंड, पोषक पाणी वर आणतात. तेवढ्यावर त्यांचं भागतं. चरणं, वीण, पिल्लं वाढवणं, सगळं याच समुद्रात. २०१४ साली क्रिस्टिना पोमिला आणि सहकाऱ्यांनी त्यांचा डीएनए तपासला, तेव्हा हा कळप सुमारे ७० हजार वर्षं इतर सगळ्या हम्पबॅकांपासून वेगळा पडलेला दिसला. जगातला सगळ्यात एकाकी हम्पबॅक कळप हाच. त्याचं वैविध्य कमी, आणि त्यात दोन घसरणींच्या खुणा: एक फार जुनी, एक अलीकडची.

अलीकडची कशाने आली असेल, याचा सगळ्यात सबळ पुरावा एका हंगामाकडे जातो. १९६६ च्या नोव्हेंबरात अंटार्क्टिकाकडे निघालेल्या सोव्हिएत ताफ्याने वाटेत ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांजवळ २३८ हम्पबॅक मारले. आदल्या वर्षीचे चार धरून २४२. ही शिकार बेकायदा होती, आणि ती तीन दशकं जगाला कळली नाही. युरी मिखालेव्ह या शास्त्रज्ञाने १९९७ मध्ये ते आकडे छापले. त्याच नोंदींत मारलेल्या माद्यांच्या पोटातल्या गर्भांच्या लांब्या होत्या, आणि त्यांवरूनच उमगलं, की हे देवमासे उत्तर गोलार्धाच्या वेळापत्रकाप्रमाणे वितात. ते अंटार्क्टिकाहून आलेले पाहुणे नाहीत, इथलेच आहेत. त्यांना ओळखण्याचा पुरावा त्यांच्याच कत्तलीच्या वहीत सापडावा, यापरती विटंबना नाही.

त्यानंतर २००० च्या दशकात ओमानच्या किनाऱ्यावर शेपटीच्या छायाचित्रांवरून मोजदाद झाली, ती ८२ ची. अंदाजाची कक्षा ६० ते १११. वरच्या गणितात हा आकडा ठेवून पाहा. अंटार्क्टिकातल्या निळ्या देवमाशांना ज्या गोष्टींनी तारलं, त्या सगळ्या इथे नाहीत. मूळ लोकसंख्या प्रचंड नव्हती. बाहेरून नवं रक्त येण्याची वाट ७० हजार वर्षं बंद आहे. आणि बंदी येऊनही संख्या ब्राझीलसारखी उसळली नाही, म्हणजे गळती दर पिढीला चालूच आहे. ओमानमधल्या ३० ते ४० टक्के हम्पबॅकांच्या अंगावर जाळ्यांत अडकल्याच्या खुणा आढळल्या आहेत. शिवाय ते राहतात त्या पाण्यातून जगातले काही सगळ्यात गजबजलेले तेलवाहू मार्ग जातात. तोफ गेली, दोर आणि जहाजाची नाळ आली. गणिताला त्याने फरक पडत नाही. आयुसीएनने २००८ मध्ये या कळपाला स्वतंत्रपणे संकटग्रस्त ठरवलं, तेव्हाच जगभरचा हम्पबॅक मात्र चिंतामुक्त यादीत गेला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि बातमीत येते ती दुसरी.

हा कळप केवळ ओमानचा नाही. २०१७ च्या नोव्हेंबरात ओमानजवळ उपग्रह-खूण लावलेली लुबान नावाची मादी डिसेंबरात अरबी समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत आली. गोव्याच्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली केलेल्या ध्वनिमुद्रणात हम्पबॅक नरांची गाणी सापडली आहेत. म्हणजे आपला किनारा त्यांच्या घराचाच भाग आहे. आपण मात्र त्यांच्याबद्दल जवळजवळ काहीच नोंदवत नाही. मराठी वृत्तपत्रांत देवमासा बहुधा दोनच निमित्तांनी छापून येतो: किनाऱ्याला लागलेलं धूड, आणि पोलिसांनी पकडलेली कोट्यवधींची 'उलटी'. २०१५ च्या जूनमध्ये रेवदंड्याला निळा देवमासा लागला, तेव्हा बघ्यांची जत्रा जमली होती. किनाऱ्यावर एरवीही साधारण हाच क्रम असतो: गर्दी, फोटो, दुर्गंधीची तक्रार, जेसीबी, खड्डा.

या क्रमात एक पायरी वाढवायची माझी मागणी आहे, आणि तिला फार पैसा लागत नाही. बोटाच्या पेराएवढा कातडीचा तुकडा, तीव्र अल्कोहोलची एक कुपी, तिच्यावर तारीख आणि ठिकाण. ग्रीटविकेनच्या सडक्या हाडांनी शंभर वर्षांनी साक्ष दिली. आपल्याकडचा ताजा पुरावा आपण वाळूत गाडतो. देवमासा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, त्यामुळे हा तुकडा कुणी हौशी माणसाने कापायचा नाही. तो वनविभागाने आणि कांदळवन कक्षाने घ्यायचा, आणि दर वेळी घ्यायचा, एखादा उत्साही अधिकारी असला तर नव्हे. कोकणातल्या वाचकाने एवढंच करावं: धूड दिसलं की फोटोच्या आधी वनविभागाला फोन लावावा, आणि खड्डा खणण्यापूर्वी नमुना घेतला का, हे विचारावं.